अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाचा श्वास

दिवस पूर्ण भरण्यापूर्वीच जन्मास आलेले अर्भक पुष्कळदा प्रत्येक उच्छ्वासासरशी कण्हते. हा ध्वनी म्हणजे केवळ वेदनेचा उद्गार, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु वस्तुतः ती श्वास टिकविण्याची धडपड होय. हवा बाहेर सोडताना अर्भक आपले स्वरतंतू जवळ आणून कंठद्वार अंशतः मिटून घेते. त्यायोगे थोडी हवा फुप्फुसात कोंडून राहते.

ही कोंडलेली हवा आवश्यक का ठरावी? फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोशांच्या ओलसर पृष्ठावरील ताण त्यांना सतत मिटवू पाहतो. हा ताण उणा करणारा सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ गर्भावस्थेच्या अखेरीस पुरेसा तयार होतो. श्वसनविकाराने दगावलेल्या अकालजात अर्भकांच्या फुप्फुसांत त्याची उणीव असते, हे मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. अशा स्थितीत वायुकोश वारंवार मिटतात आणि प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा होतो. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा नवजात पुत्र पॅट्रिक १९६३ मध्ये याच विकाराने सुमारे ३९ तासांत मृत्यू पावला.

अर्भक कण्हून जे साधू पाहते, तेच बाहेरून साधून देण्याचा उपाय सॅन फ्रान्सिस्को येथील जॉर्ज ग्रेगरी व त्यांचे सहकारी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. श्वसनमार्गात हवेचा सौम्य दाब अखंड राखल्याने २० पैकी १६ बालके वाचली. त्यांतील बहुतेकांच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागली होती. पुढे हाच दाब नाकपुड्यांतील आखूड नळ्यांवाटे देता येऊ लागला. यासच ‘सीपॅप’ म्हणतात. त्याच्या एका प्रकारात उच्छ्वासाच्या नळीचे टोक पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवितात. जितकी खोली, तितका दाब.

हा उपाय निर्धोक मात्र नव्हे. २५ ते २८ आठवड्यांच्या ६१० अर्भकांवरील, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सीपॅप दिलेल्यांपैकी ९ टक्क्यांच्या छातीत फुप्फुसाबाहेर हवा साचली. प्रारंभीच नळी घातलेल्यांत हे प्रमाण ३ टक्के होते. शिवाय ज्यास स्वतः श्वास घेताच येत नाही, त्यास यंत्रावाचून गत्यंतर नाही.

तथापि एक भेद लक्षणीय आहे. श्वासनलिकेतील नळी स्वरतंतूंमधून जात असल्यामुळे अर्भक रडले तरी त्याचा आवाज उमटत नाही. नाकावाटे दाब दिला असता कंठ मोकळा राहतो आणि मातेस आपल्या बाळाचे रडणे ऐकू येते.