नाकापेक्षा मोती जड नको

आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी घरांत वाहनखरेदी ही कधीच एकट्याची बाब नसते. याला आमचा भूगोल कारण आहे, तसाच इतिहासही. आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्याचे भाग होते. राज्यपुनर्रचनेत सीमारेषा आखली गेली. सोयरीक मात्र रेषेच्या दोन्ही अंगांस राहिली. लेक पैनगंगेपलीकडे दिलेली, मामा पांढरकवड्यास, रेणुकामाता माहूरगडावर, आणि नोकरी वा शिक्षण हैदराबादेस अथवा नागपुरास. त्यामुळे दारात नवी गाडी उभी राहावयाची म्हटले की ती कोणाला, कोठे आणि कोणत्या रस्त्याने वाहून नेणार, याची चर्चा घरातील आजीपासून सर्वांना करावीशी वाटते. ही चर्चा योग्यच आहे. फक्त ती कोणत्या मुद्द्यांवर व्हावी, एवढाच प्रश्न आहे.

अलीकडे आमच्या तरुणांना उंच, लांब पायांच्या, ‘साहसी प्रवासा’च्या मोटारसायकलींची ओढ लागली आहे. या गाड्यांचे कूळ परदेशी आहे. डिसेंबर १९७८ मध्ये पॅरिसहून आफ्रिकेतील डाकारकडे, सहारा वाळवंट तुडवीत जाणारी शर्यत प्रथम निघाली. १९८० साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने ‘आर ८० जी/एस’ ही गाडी बाजारात आणली. त्यातील ‘जी’ हे अक्षर रानवाटेचे आणि ‘एस’ हे सडकेचे. एकच वाहन दोन्हीकडे चालावे, ही त्यामागील कल्पना. १९८१ साली ह्यूबर्ट ऑरियोल या फ्रेंच स्वाराने बीएमडब्ल्यूच्या गाडीवर ती शर्यत जिंकली आणि या कल्पनेस जगभर मान्यता मिळाली. आपल्याकडे रॉयल एनफील्डने २०१६ साली ‘हिमालयन’ आणि हीरो कंपनीने २०१९ साली ‘एक्सपल्स २००’ आणून ही जात मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये ४५२ सीसीची नवी हिमालयन आली आणि जानेवारी २०२५ मध्ये एक्सपल्स २१० जाहीर झाली. आमच्याकडील बहुतेक चर्चा या दोन गाड्यांभोवतीच फिरते.

आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक तरुण पशुसंवर्धन खात्यात नोकरीस आहे. उटनूर आणि इंद्रवेल्लीच्या अंगाला गोंड वस्त्यांतून गुरांना लसी टोचीत हिंडणे, हे त्याचे काम. वडील बेल्याकडे कापूस पिकवितात. या दोन्ही गाड्यांची माहितीपत्रके घेऊन बापलेक माझ्याकडे आले. मुलाचे मन हिमालयनवर, वडिलांचे स्वस्त गाडीवर. आणि दोघांसही आपल्या बाजूने निकाल हवा होता. मी त्यांना कागदावर दोन रकाने आखून दिले व जे मोजता येते ते आधी मांडू, असे सुचविले.

पहिली ओळ शक्तीची. हिमालयनचे इंजिन ४५२ सीसीचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे. एक्सपल्सचे २१० सीसीचे, सुमारे साडेचोवीस अश्वशक्तीचे. टॉर्क, म्हणजे चाक फिरविणारा पीळ, पहिलीचा ४० न्यूटन-मीटर, तर दुसरीचा २०.७, जवळजवळ निम्मा. दोन्ही इंजिने पाण्याने थंड होणारी आणि दोहोंना सहा गिअर. येथे मुलाचा चेहरा उजळला, हे सांगावयास नकोच.

दुसरी ओळ वजनाची. इंधनासह हिमालयन १९६ किलो, एक्सपल्स १६८ किलो. फरक २८ किलोंचा. सडकेवर चाके फिरू लागली की हा फरक फारसा जाणवत नाही. गाडी ढकलताना, वळविताना आणि उचलताना मात्र तो हातांना व कमरेला कळतो.

तिसरी ओळ उंचीची. हिमालयनचे आसन जमिनीपासून ८२५ मिलिमीटरवर, हवे तर ८४५ वर नेता येणारे. एक्सपल्सचे ८३० वर. म्हणजे वजनाने हलकी असलेली गाडी उंचीने मात्र ठेंगणी नाही. साडेपाच फूट उंचीच्या मनुष्याचे दोन्ही तळवे कोणत्याही गाडीवर पुरते टेकणे कठीणच. पोटाखालील मोकळी जागा हिमालयनची २३० आणि एक्सपल्सची २२० मिलिमीटर. दोन्ही गाड्यांचे झटकेशोषक चाकाला २०० मिलिमीटर वा त्याहून थोडी अधिक हालचाल देतात. ओढ्यातील गोट्यांसाठी ही सोय पुरेशी आहे.

चौथी ओळ टाकीची. हिमालयनची टाकी १७ लिटरची, एक्सपल्सची १३ लिटरची. पण नुसती टाकी मोजून भागत नाही. मोठी गाडी लिटरला २८ किलोमीटर आणि लहान गाडी ३६ किलोमीटर जाते असे धरले, तर पहिली ४७६ आणि दुसरी ४६८ किलोमीटर जाईल. दोन्ही गाड्या एका टाकीत आदिलाबादहून नागपूरला जाऊन परतू शकतील. कारण तो फेरा सुमारे ४०० किलोमीटरांचा आहे. जो फरक डोळ्यांना मोठा दिसला, तो गणितात विरघळून गेला.

पाचवी ओळ पैशाची. आणि येथे वडील सावरून बसले. नोव्हेंबर २०२३ मध्ये हिमालयनची किंमत दुकानाबाहेरचे खर्च सोडून २ लाख ६९ हजारांपासून सुरू झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये एक्सपल्सची १ लाख ७६ हजारांपासून. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून करांचे दर बदलले. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर शेकडा २८ वरून १८ वर आला. त्याहून मोठ्या गाड्यांवर पूर्वी उपकरासह ३१ होता, तो ४० झाला. शंभर रुपये मूळ किंमत धरली, तर पूर्वी लहान गाडी १२८ रुपयांस आणि मोठी १३१ रुपयांस पडे. आता तेच आकडे ११८ आणि १४० झाले. तीन रुपयांचे अंतर बावीस रुपयांचे झाले! विम्याचेही तसेच. २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार नव्या गाडीचा पाच वर्षांचा सक्तीचा तृतीय पक्ष विमा दीडशे ते साडेतीनशे सीसीच्या गाडीस ७,३६५ रुपये आणि त्याहून मोठ्या गाडीस १५,११७ रुपये असा आहे. कर्जाचा हप्ता सांगताना दुकानदार या रकमा सावकाश, शेवटी सांगतो. घरच्यांनी त्या आधी विचाराव्यात.

इतके मांडून झाले तरी निर्णय होईना. तो झाला त्या तरुणाच्या आईच्या एका प्रश्नाने. घरी कागद वाचून दाखविल्यावर ती माउली म्हणाली, ‘‘रानात पडली तं एकट्यानं उचलशीन का रे?’’ माहितीपत्रकाच्या सोळा पानांत या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

वस्तुतः अशा गाडीची खरी परीक्षा याच प्रश्नात आहे. ‘साहसी’ गाडी पडणारच, हे ती बनविणारेही जाणतात. म्हणून तर हातांच्या आणि इंजिनाच्या संरक्षणासाठी निरनिराळे कठडे विकले जातात. आमच्या काळ्या जमिनीत पहिल्या पावसानंतर जो चिखल होतो, तो चाकाला लपेटून मडगार्डात घट्ट बसतो आणि चाक फिरेनासे होते. बैलगाडी हाकणाऱ्या पिढीला हे ठाऊक होते. अशा वेळी चाळीस अश्वशक्ती चाकाला जागच्या जागी फिरविते. गाडीला बाहेर काढतात ते मनुष्याचे दोन हात. वस्ती तीन कोसांवर, दिवस मावळतीला, पाठीवर लसींची पेटी, फोनला आवाका नाही. अशा घटकेला २८ किलो म्हणजे काय, हे कागदावर समजत नाही.

मोठ्या गाडीची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ज्याला महिन्यातून दोनदा राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून सुमारे तीनशे किलोमीटरवरील हैदराबादेस पत्नीसह, सामानासह जावयाचे आहे, त्याला हिमालयनचे वजन ओझे नव्हे, स्थैर्य वाटेल. मालमोटारीच्या शेजारून जाताना वाऱ्याचा झोत तिला कमी हलवितो, आणि भरलेल्या गाडीला ओलांडून पुढे जाताना तिचा पीळ कामी येतो. मात्र दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दुचाकीची कायदेशीर वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, आणि तो वेग दोन्ही गाड्या सहज गाठतात. लडाखची गोष्ट निराळी. खारदुंगला खिंडीच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याजवळ येतो. त्या प्रमाणात इंजिनाची शक्तीही ओसरते. चाळीसमधून वजा झाल्यावर जे उरते, ते चोविसांतून उरलेल्यापेक्षा अधिक असते, हे कबूल केले पाहिजे. परंतु लेह-मनालीस मोटारसायकली भाड्यानेही मिळतात. आयुष्यातील पंधरा दिवसांसाठी उरलेली दहा वर्षे जड गाडी ढकलावी काय, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते काही उगाच नव्हे.

चाकांचाही विचार हवा. दोन्ही गाड्यांचे पुढील चाक २१ इंचांचे व तारांचे आहे. मागील हिमालयनचे १७, एक्सपल्सचे १८ इंचांचे. हिमालयन प्रथम ट्यूबसह आली. पुढे ट्यूबलेस तारांच्या चाकांचा पर्यायही मिळू लागला. एक्सपल्सला ट्यूब आहे. ट्यूबलेस चाक जागेवरच बुजविता येते, हा मोठा लाभ; ट्यूबचे ठिगळ मात्र खेड्यातला कोणताही पंक्चरवाला लावतो. त्याच्याकडे २१ इंचांची ट्यूब असेलच असे नाही, म्हणून एक सुटी ट्यूब जवळ बाळगावी. हीरोची दुरुस्ती केंद्रे लहान गावांपर्यंत पोहोचली आहेत हे खरे. पण या विशिष्ट गाडीचे भाग त्या केंद्रात असतात का, हे वेगळे विचारावे. क्लचची वायर, ब्रेकचा दांडा आणि ट्यूब, या तीन वस्तू आज दुकानात आहेत का, एवढे विचारले की दुकानाची पारख होते.

मागे बसणाऱ्या स्त्रीचा विचार तर क्वचितच कोणी करतो. उंच मागील आसनावर लुगडे नेसून चढणे सोपे नाही. शिवाय, मागील चाक निम्मे तरी झाकणारे कपडेरक्षक, हाताला धरावयाचे कडे आणि पायटेकू हे नियमाने आवश्यक आहेत. ‘रानवटी रूप’ बिघडते म्हणून काही तरुण गाडी घेताच ते कपडेरक्षक काढून टाकतात. पदर चाकात गेला तर काय होते, हे प्रत्येक गावाने एकदा तरी पाहिलेले आहे. तो काढू देऊ नये. शिरस्त्राणही दोघांसाठी घ्यावे. कायदाही तेच सांगतो. गाडीच्या अंदाजपत्रकात दोन चांगल्या शिरस्त्राणांची रक्कम पहिल्या ओळीत लिहावी, उरले तर घेऊ अशी शेवटी नव्हे.

त्या तरुणाने पुढच्या आठवड्यात दोन्ही दुकाने पालथी घातली. एका दुकानात त्याने गाडी एका अंगावर निजवून उचलून पाहण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. दुसरीकडे एका ओळखीच्या मालकाच्या जुन्या गाडीवर तो प्रयोग झाला. अखेर त्याने लहान गाडी घेतली. वाचलेल्या पैशातून बापाने शेतातील मोटार दुरुस्त केली. पौष अमावास्येस केस्लापूरच्या नागोबा जत्रेच्या सुमारास त्या भागात वर्दळ असते. त्याही दिवसांत तो कामावर हिंडत होता, असे समजते. मोठी गाडी वाईट होती म्हणून हा निर्णय झाला नाही. महिन्यातील पंचवीस दिवस तो ज्या वाटेने एकटा जातो, त्या वाटेने निवड केली.

सुज्ञ वाचकांनी यातून एवढेच घ्यावे. खरेदीपूर्वी घरातील सर्वांनी बसून गेल्या वर्षभरातील प्रवास आठवावेत : किती महामार्गाचे, किती कच्च्या वाटेचे, किती एकट्याचे, किती दुकट्याचे. मग दुकानात जाऊन गाडीवर बसावे, इंजिन बंद ठेवून ती वीस पावले मागे ढकलावी, मधल्या तिवईवर घेता येत असल्यास घ्यावी, आणि मागे बसणाऱ्या व्यक्तीस तिच्या नेहमीच्या वेषात चढून-उतरून पाहू द्यावे. त्यानंतरच अश्वशक्तीचा आकडा वाचावा. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. पण हौसेला वजन असते, आणि ते ज्याचे त्यालाच उचलावे लागते. नथीतला मोती कितीही पाणीदार असला, तरी तो ज्या नाकात घालावयाचा ते नाक आधी पाहावे, हे आपल्या आज्यांचे शहाणपण मोटारसायकलीलाही लागू पडते.