आधी दिवस बघा, मग लॅपटॉप

कोयलीहून मामाचा फोन आला तेव्हा मी लायब्ररीत होते. "अगं, तुझ्या बहिणीचा बडोदा मेडिकलला नंबर लागला!" अभिनंदन वगैरे झालं आणि लगेच दुसरं वाक्य आलं, "तू कॉम्प्युटरवाली ना? मग सांग, लॅपटॉप घ्यायचा की टॅबलेट? दुकानदार म्हणतो, डॉक्टर होणारी मुलं आता टॅबलेटच घेतात."

कोयली म्हणजे बडोद्याच्या वायव्येचं गाव. १९६५ साली सुरू झालेल्या गुजरात रिफायनरीमुळे लोकांना माहीत झालेलं. मामा तिथे एका ठेकेदाराकडे कामाला आहे. मामीची भिशी नुकतीच लागली होती, ५०,००० रुपयांची. त्यातूनच पुस्तकं, पांढरा कोट, डिसेक्शनचं साहित्य आणि हे यंत्र. म्हणजे चूक झाली तर दुसऱ्यांदा घेणं नाही.

मी मामाला म्हटलं, "मामा, थांब जरा. आधी तिचा दिवस कसा जाणार ते बघू."

पहिल्या वर्षी तीन विषय: शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. सकाळी व्याख्यान, मग शवविच्छेदन किंवा प्रयोगशाळा, संध्याकाळी घरी अभ्यास. विच्छेदनाच्या हॉलमध्ये हातमोजे आणि फॉर्मॅलिन, तिथे यंत्र बाहेर काढायचंच नाही. पुढे वॉर्ड सुरू झाले की खिशातली छोटी वही आणि पेन पुरतं. पेशंटचा फोटो काढून स्वतःच्या यंत्रात ठेवणं तर अजिबात नको, ती त्यांची खाजगी बाब आहे. म्हणजे यंत्राचं खरं काम घरी, टेबलावर: पीडीएफ वाचणं, व्हिडिओ बघणं, सेमिनारच्या स्लाइड्स बनवणं, प्रश्न सोडवणं.

आता परीक्षा. विद्यापीठाचे थिअरी पेपर हातानेच लिहायचे, आकृत्याही हातानेच काढायच्या. पुढे नीट-पीजी मात्र कॉम्प्युटरवर, २०० बहुपर्यायी प्रश्न. म्हणजे हाताला लिहायची सवय हवी आणि डोळ्यांना स्क्रीनची. २०१४ साली पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपनहायमर या अमेरिकेतल्या संशोधकांना असं दिसलं, की लॅपटॉपवर नोट्स घेणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवत बसतात आणि संकल्पनेच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात. नंतर हाच प्रयोग इतरांनी केला तेव्हा फरक इतका ठळक दिसला नाही. पण ज्या परीक्षेत हातानेच लिहायचंय, तिची तयारी हाताने करावी हे सांगायला प्रयोगाची गरज नाही.

इथे टॅबलेटची बाजूही ऐकू. पेनाने त्यावर लिहिता येतं, आकृतीवर रंग भरता येतात, वजन अर्धा किलोच्या आसपास. ए४ कागदाचा कर्ण साधारण १४.३ इंच असतो. ११ इंची टॅबलेट उभा धरला की पान थोडं लहान होतं, पण अख्खं दिसतं. १४ इंची लॅपटॉपची स्क्रीन आडवी, त्यामुळे तिथे पान वरखाली सरकवत वाचावं लागतं. वाचायला टॅबलेटच सरस. पण दुकानातली किंमत बहुतेक वेळा नुसत्या टॅबलेटची असते. पेन, कीबोर्ड, कव्हर यांची बेरीज करून बघा, आकडा लॅपटॉपला गाठतो. आणि मोठी स्लाइड किंवा एक्सेलची शीट बनवायला बसलं की लॅपटॉपच आठवतो. घरात आधीच एखादा चालता लॅपटॉप असेल, तर मात्र टॅबलेट खुशाल घ्या. मामाच्या घरी काहीच नव्हतं, म्हणून लॅपटॉप.

लॅपटॉप बघताना चार गोष्टी तपासा:

स्क्रीन. हिस्टॉलॉजीच्या स्लाइडवर पेशीचं केंद्रक निळं-जांभळं आणि बाकी भाग गुलाबी दिसतो. त्या छटांवरूनच ऊती ओळखायची असते. स्वस्त स्क्रीनवर मान हलली की रंग बदलतात. आयपीएस स्क्रीन मागा आणि दुकानातच बाजूने बघून घ्या.

रॅम आणि स्टोरेज. ८ जीबी रॅम चालेल, १६ असेल तर साडेचार वर्षं आणि वर इंटर्नशिप निभावेल. रॅम नंतर वाढवता येते का हे विचारा, काही मॉडेलमध्ये ती बोर्डलाच जोडलेली असते. एसएसडी ५१२ जीबी.

बॅटरी. 'दहा तास चालते' यावर जाऊ नका, वॉट-अवर विचारा. ५० वॉट-अवरची बॅटरी आणि १० वॉटचा वापर म्हणजे ५ तास. हिशेब सोपा आहे.

वजन. कोयलीहून रोज ये-जा, पाठीवर जाडजूड पुस्तकं. दीड किलोच्या वर जाऊ नका.

सेकंडहँडही वाईट नाही, पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालणारं मशीनच घ्या. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचं. बॅटरी किती उरलीय तेही बघा.

पाठांतरासाठी 'अंकी' नावाचं ॲप आहे. विसरायच्या बेताला आलेला प्रश्न ते पुन्हा समोर आणतं. कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर ते फुकट, आयफोन-आयपॅडवर विकत. हेही खर्चात धरा.

शेवटी आम्ही एक साधा १४ इंची लॅपटॉप ठरवला, पण लगेच घेतला नाही. पहिले तीन आठवडे तिने वही-पेनावर काढले, सीनियर्सना विचारलं, रोज काय लागतं ते पाहिलं. मग दुकानात गेली आणि यादी तिनेच वाचून दाखवली. दुकानदाराने पुन्हा टॅबलेट पुढे केला. मामा म्हणाला, "ते नको, डॉक्टर सांगतील तेच द्या."

भिशीतले पैसे थोडे उरले. त्यातून स्टेथोस्कोप आला. मामीने तो सगळ्यात आधी स्वतःच्या छातीला लावून ऐकला.