पाण्यात आडवं राहायचं तर आधी शिसं बघा

तारकर्ली-मालवणला प्रशिक्षकाचा हात धरून पहिली स्कूबा डुबकी मारलेले काही जण पुढे रीतसर कोर्स करतात आणि मग स्वतःचं साहित्य घ्यायला निघतात. दुकानात पहिली नजर जाते ती बीसीडीवर, म्हणजे हवा भरून तरंगण्याच्या जाकिटावर. माझ्या मते बीसीडी शेवटी घ्यावी. सुरुवात शिशापासून, म्हणजे पाण्याखाली जाता यावं म्हणून बांधायच्या वजनांपासून करावी.

कमरेला दोन-तीन किलो शिसं जास्त बांधलं, की ते तोलायला बीसीडीत दोन-तीन लिटर हवा जास्त भरावी लागते. ही हवा खांद्याकडचा भाग वर उचलते, शिसं कंबर खाली ओढतं आणि माणूस पाण्यात तिरका होतो. मग पायांच्या प्रत्येक फटक्याची निम्मी ताकद वर जाण्यात वाया जाते. पायांतल्या फिन्स तळाची रेती उडवतात, प्रवाळ मोडतात. वर्षानुवर्षं वाढलेलं प्रवाळ एका लाथेत तुटताना पाहणं फार क्लेशदायक असतं. शिवाय थोडं वर आलं की ही हवा फुगते, खाली गेलं की आकसते. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. जादा हवा जितकी, तितकी ही ओढाताण जास्त.

मग शिसं किती हवं? ते बरंचसं पाठीवरच्या हवेच्या टाकीवर ठरतं. उष्ण समुद्रांत सर्रास मिळणारी 11 लिटरची ॲल्युमिनियमची टाकी भरलेली असताना पाण्यात अर्धा-पाऊण किलो जड असते. संपत आली, की तीच वर येऊ पाहते, कारण 150 बार हवा वापरली म्हणजे जवळपास 2 किलो वजन गेलं. म्हणून शिशाची तपासणी डाइव्हच्या शेवटी करायची: टाकीत 50 बार, खोली 5 मीटर, बीसीडी रिकामी, श्वास संथ. सोबती शेजारी हवाच. तिथे स्थिर राहता आलं तर शिसं बरोबर. खाली जात राहिलात, तर पुढच्या वेळी एक किलो काढा.

आता ते ठेवायचं कुठे? कावडीसारखंच आहे, भार कुठे टांगला यावर तोल ठरतो. पाय बुडत असतील, तर थोडं शिसं कमरेवरून टाकीच्या पट्ट्यावर घ्या, किंवा टाकीच दोन-तीन बोटं वर सरकवा. डोकं बुडत असेल तर उलट. जड रबरी फिन्स पाय खाली नेतात, हलक्या फिन्स तसं करत नाहीत. त्यामुळे फिन्सही तोल बघूनच निवडाव्यात.

एवढं जमलं की बीसीडी. हवेची पिशवी पाठीशी असलेला प्रकार शरीर आडवं ठेवायला सोपा जातो. त्याला पोलादी पाठपट्टी असेल, तर तिचं दोन-अडीच किलो वजन थेट फुप्फुसांजवळ बसतं आणि कमरेचं शिसं तेवढं कमी करता येतं. 3 मिलिमीटरऐवजी 5 मिलिमीटरचा सूट घातला, टाकी बदलली किंवा गोड्या पाण्यात उतरलात, तर 5 मीटरवरची तपासणी पुन्हा करा.