गाडीची सीट आणि तिचे चार बोल्ट

बिबड्या-पापडाच्या पाट्या प्रदर्शनाला न्यायच्या म्हणून आमच्या गटाने व्हॅनची मधली सीट काढली. परत बसवताना एक बोल्ट सापडेना. दुकानातून तसाच दिसणारा आणला, बसवला. धुळ्याकडे जाताना वळणावर सीट हलली, तेव्हा कळलं की बोल्ट दिसतो सारखा, पण असतो वेगळा.

बोल्टच्या डोक्यावर आकडे असतात. ४.६ म्हणजे साधा. ८.८ किंवा १०.९ म्हणजे मजबूत. ८.८ चा बोल्ट साध्यापेक्षा दुप्पट ताण सोसतो. सीटला साधा बोल्ट कधीच लावू नये. आटेही बघा. गाडीच्या बोल्टचे आटे पुष्कळदा बारीक असतात, दुकानातल्या बोल्टचे जाड. जबरदस्तीने फिरवला तर गाडीतलेच आटे जातात. म्हणून जुना बोल्ट हातात घेऊनच दुकानात जा. शक्यतो त्याच गाडीचा पार्ट मागा.

एवढी काळजी कशाला? ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर ६० किलोच्या बाईचा जोर क्षणभर साधारण १२ क्विंटल होतो. काही गाड्यांत पट्ट्याचं कुलूप सीटलाच असतं. सीट सुटली की पट्टाही गेला.

आता काढायची रीत. गाडी सपाट जागी लावा, चावी काढा. सीटखाली पिवळी वायर दिसली तर ती एअरबॅगची असते. तिला हात लावू नका, ते काम मेकॅनिकचं. वायर नसेल तर पुढे चला. सीटचे बोल्ट बहुधा १२, १४ किंवा १७ नंबरच्या पान्याचे असतात. गोटी पाना किंवा रिंग पाना घ्या, तो डोक्यावर घट्ट बसतो. स्क्रू पाना घसरतो, बोल्टचे कोपरे झिजतात. आपल्याकडच्या काळ्या मातीने आटे चिकटतात, म्हणून आधी ब्रशने माती झाडा, गंजावर तेल सोडा, थोडं थांबा. निघालेले बोल्ट डबीत ठेवा आणि कोणता कुठला ते चिठ्ठीवर लिहा. आमची चूक इथेच झाली.

बसवताना चारही बोल्ट आधी हाताने फिरवा. हाताने जात नसेल तर आटा चुकला, काढून पुन्हा लावा. मग समोरासमोरचे कोपरे घेत आलटून पालटून आवळा. शेवटी दोघींनी सीट धरून जोरात हलवा. तरी एकदा गॅरेजवाल्याकडून आवळणी तपासून घ्या.

आणखी एक. गाडीच्या आरसी बुकात किती सीट ते लिहिलेलं असतं. सीट कायमची काढायची असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या. आणि काढलेल्या सीटच्या जागी माणूस बसवू नका, पाट्यांवर तर मुळीच नाही.

मैत्रिणींनो, आपल्या गटाचे हिशेब आपण पै-पै तपासतो. पुढच्या बैठकीला गाडीने जाल, तेव्हा बसण्याआधी सीटही एकदा हलवून बघा.