पासवर्ड बरोबर, तरी प्रवेश नाही

सप्टेंबर संपत आला की इंग्लंडमधल्या विद्यापीठांच्या गावांत पाऊस आणि नवे विद्यार्थी एकदमच येतात. मी इथल्या एका कॉलेजच्या संगणक विभागात काम करतो. दोनेक वर्षांपूर्वीच्या अशाच एका आठवड्यात नागपूरची एक मुलगी मदतकक्षात उभी होती. रात्री बाराच्या आत काहीतरी जमा करायचं होतं, वसतिगृहात आमच्या वायफायशिवाय दुसरं जाळं नव्हतं, आणि फोन सांगत होता की पासवर्ड चुकला. दोन दिवसांत तीन वेळा तिचा पासवर्ड बदलून दिला गेला होता. माझ्या गळ्यातल्या कार्डावरचं आडनाव वाचून ती हळूच मराठीत म्हणाली, "काका, पासवर्ड बरोबरच आहे हो. प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर चालतो."

या शेवटच्या वाक्यातच उत्तर होतं. पण ते दिसायला आधी वायफायवर पासवर्ड कसा तपासला जातो ते बघावं लागेल. मोठ्या संस्थेच्या वायफायचा पासवर्ड घरच्यासारखा सगळ्यांचा एक नसतो, प्रत्येकाचा वेगळा असतो. युरोपात सुरू होऊन आता भारतातही अर्नेटमार्फत पोचलेली एड्युरोम ही सोय याच तत्त्वावर चालते. तुम्ही कुठल्याही सदस्य विद्यापीठात गेलात तरी तुमची चौकशी तुमच्या मूळ संस्थेकडे जाते. ती संस्था हो म्हणाली की यजमान दार उघडतो.

आता गंमत अशी, की या साखळीतल्या कोणालाच तुमचा पासवर्ड कळता कामा नये. फोन आहे, छताला लटकवलेलं वायफायचं यंत्र आहे, त्यामागे रेडियस नावाचा तपासनीस सर्व्हर आहे, आणि सगळ्यांत मागे विंडोजचा मुख्य सर्व्हर, ज्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. खातेवही फक्त त्याच्याकडे. आमचा रेडियस मात्र लिनक्सवर चालतो. या दोघांमध्ये दुभाष्या म्हणून काम करतो तो आजचा नायक, एनटीएलएम-ऑथ नावाचा एक छोटासा प्रोग्रॅम.

तो सांबा या संचातला. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी नव्वदीच्या सुरुवातीला पीसींच्या जगाशी युनिक्सला बोलता यावं म्हणून सांबा लिहायला घेतलं. एस, एम, बी ही तीन अक्षरं याच क्रमाने असलेला शब्द त्यांनी संगणकातल्या शब्दयादीत शोधला आणि सांबा सापडला. नाचाचा संबंध एवढाच.

एनटीएलएम-ऑथला खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची, तो एका ओळीत उत्तर देतो आणि संपतो. खरं तर तो माणसांसाठी लिहिलेलाच नाही, दुसऱ्या प्रोग्रॅमांनी त्याला हाक मारावी म्हणून लिहिला आहे. त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांत स्क्विड हा प्रॉक्सी सर्व्हर होता, आणि अजूनही त्याच्या एका बोलीचं नाव स्क्विडच्या २.५ या आवृत्तीवरून आहे. ती बोली अगदी साधी आहे: स्क्विडने नाव आणि पासवर्ड एका ओळीत द्यायचा, यानं "ओके" किंवा "ईआरआर" म्हणायचं. मोठ्या प्रोग्रॅमने पासवर्डाच्या भानगडीत पडूच नये, ते काम वेगळ्या छोट्या मदतनिसाला द्यावं, ही जुनी आणि माझ्या मते शहाणपणाची पद्धत. मदतनीस कोसळला तरी सर्व्हर उभा राहतो.

वायफायच्या वेळी मात्र रेडियसकडे पासवर्ड नसतोच, मग तो मदतनिसाला देणार काय? इथे कोडं घालण्याची युक्ती येते. सर्व्हर एक यादृच्छिक संख्या पाठवतो, फोन तिच्यात स्वतःची एक मिसळतो, आणि त्यातून आठ बाइटांचं कोडं तयार होतं. फोन पासवर्डाचा एमडी-४ या पद्धतीने १६ बाइटांचा ठसा काढतो. हा ठसा एकेरी रस्ता आहे, त्यावरून गणित उलटं करून पासवर्ड निघत नाही. मग त्या ठशाचे तीन तुकडे करून, प्रत्येक तुकडा डेस या जुन्या कुलपाची किल्ली म्हणून वापरून, तेच कोडं तीनदा कुलूपबंद केलं जातं. आठ बाइट तीनदा, म्हणजे २४ बाइटांचं उत्तर. रेडियस हे कोडं आणि हे उत्तर घेऊन एनटीएलएम-ऑथला हाक मारतो. तो विनबाइंड या आपल्या शेजाऱ्यामार्फत ते डोमेन कंट्रोलरला विचारतो. कंट्रोलरकडे तुमचा ठसा आहे, तो स्वतः तेच गणित करून दोन्ही उत्तरं जुळतात का ते पाहतो.

जुळली तर परत नुसता होकार येत नाही, सोबत १६ बाइटांची एक किल्ली येते. ती ठशाचाही ठसा असते. तिच्या आधारे रेडियस फोनला उलट पुरावा देतो, की माझ्यामागेही तुझा पासवर्ड खरोखर जाणणारा कोणी आहे, मी बाजारातला भुरटा वायफाय नाही. पाहुण्याने ओळख पटवायची आणि यजमानानेही, हे मला या रचनेतलं सगळ्यांत आवडतं.

जाता जाता एक मराठी अडचण. ठसा काढण्याआधी पासवर्डातलं प्रत्येक अक्षर युनिकोडमध्ये लिहिलं जातं, त्यामुळे गणिताला देवनागरीचं वावडं नाही. पण "तऱ्हा" मधला ऱ दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असं जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, ठसे मात्र एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. लॅपटॉपच्या कीबोर्डावर एक आणि फोनवर दुसरा आला की झालं. मातृभाषेवर कितीही प्रेम असलं तरी वायफायचा पासवर्ड रोमनमध्येच ठेवा.

तर ती मुलगी. माझ्यापुढे दोन शक्यता होत्या. पासवर्ड खरंच चुकतोय, किंवा पासवर्ड बरोबर असून दुसरंच काहीतरी नाही म्हणतंय. फोनला दोन्हींत फरक कळत नाही, तो एकच वाक्य दाखवतो. म्हणून मी सर्व्हरवर काळी खिडकी उघडली, एनटीएलएम-ऑथला फक्त तिचं सदस्यनाम दिलं आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. पासवर्ड कमांडमध्येच लिहायची सोय आहे, पण ती वापरू नये. कमांडमध्ये लिहिलेलं त्या यंत्रावरच्या इतरांना चालू प्रोग्रॅमांच्या यादीत दिसू शकतं आणि कमांडच्या इतिहासातही साठून राहतं. नवखा असताना मी माझाच पासवर्ड असा लिहून ठेवला होता, आणि वरिष्ठांनी तो मला वाचून दाखवला! नुसतं सदस्यनाम दिलं तर तो स्वतःहून पासवर्ड विचारतो आणि टाइप करताना काहीच दाखवत नाही.

पहिलं उत्तर आलं ते मला अनपेक्षित होतं: खातं कुलूपबंद. तीनदा पासवर्ड बदलला, पण तिचा जुना टॅबलेट खोलीवर बसून पहिलाच पासवर्ड इमानेइतबारे पाठवत होता. ठराविक वेळा चुकलं की कंट्रोलर खातं काही वेळ बंद करतो. म्हणजे मदतकक्षाच्या प्रत्येक "मदती"ने नवी चूक तयार होत होती. तिने मैत्रिणीला फोन करून टॅबलेट बंद करायला लावला, मी खातं उघडलं, तिने पुन्हा टाइप केलं. यशस्वी.

म्हणजे पासवर्ड बरोबर होता. तरी फोन जोडला जाईना.

मग रेडियसच्या मांडणीत एनटीएलएम-ऑथला कशी हाक मारली आहे ती ओळ मी वाचली. शेवटी एक अट होती: अमुक गटाचा सभासद असेल तरच हो म्हण. ही अट आम्हीच कधीतरी घातली होती, कॉलेज सोडून गेलेल्यांना वायफाय मिळू नये म्हणून. तीच अट जोडून मी हाताने पुन्हा विचारलं. तोच पासवर्ड, तीच मुलगी, आणि उत्तर आलं: लॉगऑन अयशस्वी, सदस्यनाम किंवा पासवर्ड चुकीचा असावा.

इथे मी जरा थांबलो. "तू तीच आहेस का" आणि "तुला आत यायची परवानगी आहे का" हे दोन पूर्ण वेगळे प्रश्न आहेत. पहिला ओळखीचा, दुसरा अधिकाराचा. सोसायटीचा वॉचमन तुम्हाला नावानिशी ओळखत असतो, तरी गच्चीची किल्ली देत नाही, आणि नाही म्हणताना तो "तुम्ही तुम्ही नाहीच" असं म्हणत नाही. आमचा प्रोग्रॅम नेमकं तेच म्हणत होता. यात थोडा हेतूही आहे, कारण नकाराचं कारण फोडून सांगितलं तर चोरालाही माहिती मिळते. पण आपल्याच सर्व्हरवर, आपल्याच माणसाला तरी खरं कारण कळावं असं मला वाटतं. तिची नोंदणी व्हिसाच्या एका कागदासाठी अर्धवट राहिली होती, आणि नोंदणी पूर्ण झाल्याशिवाय त्या गटात नाव जात नव्हतं. प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरांना ही अट नव्हती. पासवर्ड शंभर वेळा बदलूनही काही झालं नसतं. रजा मागायला लागते तशी परवानगी मागून मी तिचं नाव हाताने गटात घातलं. साडेसहाला तिचा फोन जोडला गेला.

हाताने विचारणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. हाताने चाललं म्हणजे वायफायवर चालेलच असं नाही. तुम्ही पासवर्ड टाइप करता तेव्हा वापरली जाणारी वाट वेगळी, आणि वायफाय कोडं-उत्तर पाठवतं ती वेगळी. त्या दुसऱ्या वाटेसाठी विनबाइंडच्या एका राखीव फोल्डरमध्ये शिरण्याची मुभा लागते. तुम्ही रूट म्हणून चाचणी केलीत तर ती आपोआप असते, रेडियसला मात्र वेगळी द्यावी लागते. शिवाय कंट्रोलरने एनटीएलएमची जुनी पहिली आवृत्ती बंद केली असेल तरीही हाताची चाचणी पास होते आणि सगळं कॉलेज वायफायबाहेर राहतं. तसं असेल तर दोन्हीकडे या वापरापुरती खास सूट द्यावी लागते.

आणि ती जुनी आवृत्ती बंद करायला कारण आहे. वर म्हटलेले ठशाचे तीन तुकडे आठवा. १६ बाइट सात-सातने वाटले की तिसऱ्याच्या वाट्याला दोनच येतात, उरलेल्या जागी शून्यं. दोन बाइटांच्या किल्ल्या ६५,५३६, साधा लॅपटॉप त्या क्षणात तपासून टाकतो. राहिलेले दोन तुकडे एकाच कोड्यावर चालतात, म्हणून ते एकाच फेरीत शोधता येतात. २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी डेफकॉन परिषदेत दाखवलं, की एक कोडं-उत्तर पकडलं तर खास यंत्रावर दिवसाच्या आत ठसा हाती येतो, पासवर्ड कितीही लांब असो. आणि या पद्धतीत ठसा मिळाला म्हणजे पासवर्ड मिळाल्यासारखंच, कारण उत्तर तयार करायला फोनलाही ठसाच लागतो. म्हणून हा सगळा संवाद टीएलएसच्या बोगद्यातून जातो. म्हणूनच वायफाय जोडताना फोनने सर्व्हरच्या प्रमाणपत्राबद्दल विचारलं तर डोळे मिटून "विश्वास ठेवा" दाबू नका. बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे याची तेवढी एकच तपासणी आहे.

मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या जूनमध्ये एनटीएलएम कालबाह्य ठरवलं. आम्हीही आता प्रत्येक उपकरणाला प्रमाणपत्र देतो, वायफायसाठी पासवर्ड लागतच नाही. छपाईची काही जुनी यंत्रं तेवढी अजून एनटीएलएम-ऑथवर आहेत, आणि मदतकक्षात एक छोटी स्क्रिप्ट आहे जी त्याला दोनदा विचारते, एकदा अटीशिवाय आणि एकदा अटीसकट. दोन्ही उत्तरं वेगळी आली तर ती पासवर्ड बदलू देत नाही, नोंदणी कार्यालयाचा फोन नंबर दाखवते.