रेसिंग कारचं ऑईल टाकलं की परळीतली गाडी जास्त टिकते का?

परळी वैजनाथमध्ये गाडी धुऊन एक दिवस झाला, की सीटवर पुन्हा बोटाने नाव लिहिता येतं. गावाला १९७१ पासून औष्णिक वीज केंद्र आहे. आज तिथे प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. त्यांच्यात जळणाऱ्या कोळशाची राख टिपरमधून वीटभट्ट्यांना आणि सिमेंटला जाते. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा आणि हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. एवढं सोसणाऱ्या इंजिनाला चांगलं ऑईल द्यावं असं मालकाला वाटणारच. मग मोबाईलवर रील दिसतं, ‘रेसिंगचं ऑईल टाका, इंजिन मक्खन चालेल.’

खरंच चालेल का? त्यासाठी आधी रेसिंगवाले ऑईल कसं निवडतात ते बघावं लागेल.

रेसिंगचं इंजिन वेगळं असतं का?

नेहमीच नाही. भारतात वर्षानुवर्षं धावणाऱ्या फॉर्म्युला एलजीबी ४ कारमध्ये मारुतीच्या साध्या गाडीतलं १३०० सीसीचं इंजिन आहे. फरक आहे तो वापरात. शर्यतीत इंजिन जवळजवळ पूर्ण वेळ वरच्या आरपीएमवर पळतं. ऑईलचं तापमान १२० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. जोरात वळण घेताना चेंबरमधलं ऑईल एका बाजूला जातं आणि पंपाला हवा लागण्याची भीती असते. शिवाय जास्तीचं पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरून ऑईल पातळ करतं.

म्हणून तिथे उष्णतेत न विरघळणारं, बहुतेक वेळा सिंथेटिक ऑईल लागतं. त्यात झीज रोखणाऱ्या जस्त आणि फॉस्फरसच्या संयुगाचं प्रमाण जास्त ठेवतात. उलट, काजळी धुऊन काढणारी डिटर्जंट रसायनं अनेकदा कमी असतात. कारण सोपं आहे. ते ऑईल एक-दोन शर्यतींतच बदललं जातं, साफसफाई करत हजारो किलोमीटर राहायची त्याच्यावर वेळच येत नाही.

मग तेच रोजच्या गाडीत का नको?

पहिलं कारण डिटर्जंटचं. रोजच्या गाडीत ऑईल महिनोन्‌महिने राहतं. साफसफाई करणारी रसायनं कमी असतील तर आत गाळ साचतो.

दुसरं कारण फॉस्फरसचं. तो सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करतो.

तिसरं कारण परळीकरांना लगेच पटेल, राख. ऑईल जळाल्यावर त्यातली काही रसायनं राख होऊन मागे उरतात. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धूर गाळणारा फिल्टर असतो. ही राख त्यात अडकते आणि काजळीसारखी जळून जात नाही. त्यामुळे या गाड्यांना कमी राखेचंच ऑईल लागतं.

मोटारसायकलचा मुद्दा आणखी वेगळा. बहुतेक बाईकमध्ये क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो. कारचं निसरडं ऑईल टाकलं तर क्लच घसरू शकतो. म्हणून बाईकच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं बघायचं.

डब्यावरचे आकडे काय सांगतात?

१५डब्ल्यू-४० मध्ये ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑईल किती सहज वाहतं ते सांगतो. आकडा जितका लहान, तितकं सकाळच्या पहिल्या स्टार्टला ऑईल लवकर वर पोहोचतं. नंतरचा आकडा १०० अंशांवर ऑईल किती दाट राहतं ते सांगतो.

‘ऊन ४२ अंश, मग जाड ऑईल टाका,’ हा सल्ला इथे फसतो. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट तापमान साधारण ९० अंशांच्या आसपास राखतो, बाहेर मे महिना असो की डिसेंबर. ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या नव्या पेट्रोल कारमध्ये मनाने २०डब्ल्यू-५० ओतलं, तर अरुंद वाटांतून ते वेळेवर पोहोचत नाही. गाडीसोबतच्या पुस्तकात दिलेला ग्रेड हाच पहिला नियम.

रेसिंगवाल्यांकडून घ्यायचं काय?

त्यांची शिस्त. अनेक संघ शर्यतीनंतर जुन्या ऑईलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. लोखंड वाढलेलं दिसलं तर झीज होतेय. सिलिकॉन वाढलेलं दिसलं तर बहुधा बाहेरची धूळ आत शिरतेय.

परळीची अडचण नेमकी हीच आहे. कोळशाच्या राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असतं. हे कण कडक आणि त्यातले बरेच केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. एअर फिल्टर फाटका असेल किंवा नीट बसलेला नसेल, तर ते सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑईलमध्ये जातात. मग ऑईल पॉलिश पेपरसारखं काम करतं. कितीही महागडं असलं तरी.

म्हणून इथे ऑईलआधी एअर फिल्टर बघायचा. कागदी फिल्टरला जवळून जोरात हवा मारली तर बारीक छिद्रं पडतात. तसा फिल्टर बदललेलाच बरा.

ऑईल बदलायची मुदतही तपासायची. धूळ, जड ओझं, तासन्‌तास चालू उभी गाडी किंवा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील, तर कंपन्या स्वतःच लवकर बदलायला सांगतात. पुस्तकात ते ‘कठीण वापर’ अशा मथळ्याखाली असतं. ट्रॅक्टरचा हिशोब किलोमीटरवर नाही, तासांवर करायचा.

बदलताना

गाडी सपाट जागी लावून इंजिन काही मिनिटं चालवायचं. कोमट ऑईलसोबत गाळही निघतो. नटाभोवतीची राख आधी पुसायची. ऑईल फिल्टर आणि ड्रेन नटचा वायसर नवा टाकायचा. ठरल्या मापाने ऑईल भरून इंजिन थोडं चालवायचं, बंद करून पाच-दहा मिनिटांनी दांडी बघायची. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. जास्त भरलं तर फेस होतो आणि दाब पडतो.

डिझेलचं नवं ऑईल लवकर काळं झालं म्हणून घाबरायचं कारण नाही, ते काजळी धरतंय. पण पांढरट, दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय असं समजून लगेच मिस्तरीला दाखवायचं.

आणि जळकं ऑईल नालीत ओतायचं नाही. ते घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून अधिकृतपणे जुनं ऑईल घेणाऱ्यांकडेच द्यायचं. पाण्यासाठी वीज केंद्र बंद ठेवावं लागलेल्या गावात हे वेगळं सांगायला नको.