खाडीत चालेल आणि दर्यातही जाईल अशी होडी: प्रश्न नीट विचारायचा कसा?

परवा एका ज्युनिअरचा मेसेज आला. "ताई, फील्डवर्कसाठी होडी भाड्याने घ्यायची आहे. खाडीतही चालेल आणि बाहेर समुद्रातही जाईल अशी सगळ्यात चांगली मासेमारी होडी कुठली?"

पहिल्या वर्षी मी हाच प्रश्न घेऊन मालवणच्या किनाऱ्यावर फिरले होते, आणि त्यापायी माझा एक अख्खा दिवस वाया गेला. म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितेय. होडी घ्यायची नसेल तरी वाचा, कारण रिसर्चमधलं कुठलंही साधन निवडताना हीच गडबड होते.

माझा विषय खाडीत वाढून पुढे समुद्रात जाणाऱ्या माशांचा आहे. त्यामुळे एकाच दिवशी दोन्हीकडचे नमुने लागतात: कर्ली खाडीत कांदळवनाच्या कडेला कमरेएवढ्या पाण्यात, आणि देवबागच्या बाहेर दहा-बारा वाव खोलीवर (एक वाव म्हणजे साधारण १.८ मीटर). मी विचार केला, मोठी होडी म्हणजे सुरक्षित. पोटात डिझेल इंजिन आणि तळाखाली पंखा असलेली चांगली दणकट होडी ठरवली. बाहेर ती मस्त चालली. परत येताना मात्र ओहोटी लागलेली. खाडीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा आहे, त्यावर लाटा फुटत होत्या. तांडेलकाकांनी सरळ नांगर टाकला. भरती चढेपर्यंत चार तास आम्ही बाहेरच, वर दुपारचा वायव्येचा वारा. बर्फ वितळला, आणि पोटातलं अन्न तपासण्यासाठी ठेवलेले मासे कामातून गेले. काका एवढंच म्हणाले, "गो बाय, आधी पाणी बघ, मगे होडी."

तर आधी पाणी बघू.

१. होडी किती बुडते?
पाण्याच्या पृष्ठभागापासून होडीच्या सगळ्यात खालच्या भागापर्यंतचं अंतर म्हणजे तिचा डुबाव. हा सगळ्यात खालचा भाग बहुतेक वेळा तळ नसतो, पंखा असतो. समजा उंचवट्यावर ओहोटीला १.२ मीटर पाणी आहे आणि लाट ०.६ मीटरची आहे. लाटेच्या खळग्यात पाणी ०.३ मीटरने कमी होतं, म्हणजे हातात राहिलं ०.९. माझ्या त्या होडीचा डुबाव एक मीटरच्या वर होता. हे गणित कागदावर दोन मिनिटांत झालं असतं!

वजनाची भीती मात्र अनेकदा उगाच असते. पाण्याच्या रेषेवर होडीचं क्षेत्रफळ १० चौरस मीटर असेल, तर १०० किलो वजन वाढल्यावर ती जेमतेम १ सेंटिमीटर खाली जाते. बर्फ, जाळी आणि चार माणसं मिळून ६०० किलो धरले तरी ६ सेंटिमीटर.

२. रुंदी
होडी कलंडू नये म्हणून रुंदी हवी. चौकोनी खोक्यासारखी होडी धरली, तर डुबाव तोच ठेवून आकारातून मिळणारी स्थिरता रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे रुंदी २ मीटरवरून २.४ केली की वाढ ४४ टक्के. आपल्याकडच्या अरुंद होडीला बाजूला उलांडी बांधतात, ती याच तत्त्वावर: लाकूड थोडंसंच, पण मध्यापासून लांब. पण फार रुंद होडी लाटेवर झटके देत डोलते. अशा होडीत दोन तास उभं राहून जाळं ओढून बघा, म्हणजे कळेल.

३. तळाचा आकार
सपाट तळ कमी पाण्यात उत्तम. पण बाहेर प्रत्येक लाटेवर धप्पकन आपटतो. खोल 'व्ही' आकाराचा तळ लाट कापत जातो, पण जास्त बुडतो आणि उभी असताना जास्त हलतो. मधला मार्ग म्हणजे पुढे नाळेकडे धारदार आणि मागे जवळपास सपाट तळ. दोन्हीकडे जायचं असेल तर बहुतेकांची निवड इथेच येऊन थांबते. दोन्हीकडे थोडं थोडं नुकसान सोसायचं, इतकंच.

४. उथळ पाण्यातला वेग
हे मला पुस्तकात आधी सापडलं आणि खाडीत नंतर पटलं. उथळ पाण्यात लाटेच्या वेगाला मर्यादा असते: गुरुत्व त्वरण गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ. १ मीटर पाण्यात हा वेग ताशी सुमारे ११ किलोमीटर, २ मीटरमध्ये सुमारे १६. होडी या वेगाच्या जवळ गेली की स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते आणि तिची मागची बाजू खाली बसते. म्हणजे घाई केली की डुबाव वाढतो, तोही नेमका पाणी कमी असताना. जुने तांडेल मुखाशी वेग कमी करतात त्याला कारण आहे.

५. इंजिन
मागे टांगलेलं इंजिन वर उचलता येतं. पंखा वाळूला लागायच्या आत उचला, वल्ह्याने पुढे सरका. पोटातलं डिझेल इंजिन लांबच्या फेरीला बरं, वजन खाली असल्याने होडी बसकी राहते, पण पंखा उचलता येत नाही. इंधनाचा जुना हिशेब मात्र दोन्हीकडे तोच: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव.

शेवटी मी काय घेतलं? साधारण सात मीटरची फायबरची होडी, मधल्या प्रकारचा तळ, मागे उचलता येणारं इंजिन. आणि काय सोडलं, हे जास्त महत्त्वाचं आहे. बाहेरचे नमुने पहाटे मतलई वाऱ्यावर निघून दुपारचा वारा सुटायच्या आत घेतले. परतीची वेळ भरतीच्या तक्त्यावरून आधी ठरवली, मग निघायची वेळ. खाडीतल्या सगळ्यात आतल्या दोन जागा या होडीतून केल्याच नाहीत, तिथे वल्ह्याची छोटी होडी नेली. हे सगळं प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात लिहिलंय, कारण माझ्याकडे दुपारचे समुद्रातले नमुने नाहीत आणि ते का नाहीत, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

तेव्हा ज्युनिअरला माझं उत्तर असं: "सगळ्यात चांगली कुठली" हे खोडून टाक. त्याजागी तीन ओळी लिही. माझ्या मार्गावर सगळ्यात कमी पाणी कुठे आणि किती वाजता असेल? सगळ्यात वाईट लाट कुठे आणि किती वाजता भेटेल? आणि या दोन्हींपैकी जमलं नाही तर मी कुठला नमुना सोडायला तयार आहे? या ओळी घेऊन किनाऱ्यावर जा आणि तांडेलांना दाखव. होडी कुठली घ्यायची ते तेच सांगतील.

पुढच्या वेळी भरतीचा तक्ता वाचायचा कसा, ते बघू.